तितर मेले, झुडूप मात्र उरलं!

मंडळी, आपल्याकडे टणटणी (कुणी घाणेरी म्हणतं) जशी बांध सोडत नाही, तसंच एक झुडूप न्यूझीलंडवाल्यांच्या बोकांडी बसलंय. नाव हेदर. फार तर मांडीएवढं, बारीक पानांचं, जांभळ्या फुलांचं. मूळचं युरोपातलं. स्कॉटलंडच्या माळावर ते शोभतं, तिथं त्याची कुणाची तक्रार नाही.

मग तिकडं गेलं कसं? तर शिकारीच्या हौसेपायी. टोंगारिरो हे न्यूझीलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ज्वालामुखीच्या डोंगरांचं. स्कॉटलंडसारखी ग्राउजची (आपल्या तितरासारखा पक्षी) शिकार इथंही व्हावी म्हणून पोलीस आयुक्त जॉन कलन यांनी १९१२ च्या सुमारास हेदरचं बी पेरायला घेतलं. जाणकारांनी विरोध केला, पण पेरणी चालूच राहिली. पुढे ग्राउज आणून सोडले, ते जगले नाहीत. हेदर मात्र पसरलं, आणि तिथलं मूळचं गवत त्याखाली दबून गेलं.

आता काढायचं म्हटलं तर सोपं नाही. एका झाडाला बी भरमसाट, तेही धुळीसारखं बारीक. जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. जाळलं तर बुडातून परत फुटतं. तणनाशक मारावं तर शेजारचं देशी झुडूपही जातं. त्यात मधपाळांना त्याच्या फुलांचा मध हवाच असतो!

शेवटी १९९६ मध्ये ब्रिटनमधून हेदर खाणारा भुंगेरा आणून सोडला. दुसरं काही खात नाही ना, हे आधी तपासलं. पण बरीच वर्षं भुंगेरा वाढेना. तिथल्या जमिनीत नत्र कमी, मग पाला निकस, किडा पोसणार कशावर? पुढे मात्र तो तगला आणि हेदरचे मोठे पट्टे वाळायला लागले.

हा उपाय आपल्याला नवा नाही. गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा तोच प्रकार. १९८४ मध्ये बंगळूरकडे सोडला होता, जबलपूरचं तण संशोधन संचालनालय तो वाढवून देतं. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर मळकट पांढरे, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर तिथं फवारणी करू नका. पाऊस सरला की ते जमिनीत दडतात, पुढच्या पावसाला पुन्हा वर येतात.