डाग कोणता, खूण कोणती?

फोटो काढला की काम संपले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे तिथे निम्मेच काम झालेले असते. उरलेले निम्मे घरी, जेवणखाण आटोपल्यावर, संगणकापुढे बसून करायचे असते. आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला खरा आनंद मिळतो तो त्यातच.

“म्हणजे फोटोत फेरफार करायचे? मग तो खरा कसा?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण तो संगणकाबरोबर आलेला नाही. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसएक निगेटिव्ह जोडून एकच चित्र तयार केले, तेव्हाही वाद माजला होता. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत तर काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरण्याची रीतच होती. अंधारखोलीत छपाईच्या कागदावर प्रकाश पाडताना कारागीर एखाद्या भागावर सावली धरी, तो भाग उजळ राही. दुसऱ्या भागाला जास्त वेळ प्रकाश देई, तो गडद होई. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या एका चंद्रोदयाच्या प्रती पुढे कित्येक वर्षे काढल्या. निगेटिव्ह तेच, पण नंतरच्या प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेले.

मग संगणकाने नवे काय केले? त्याने फोटोचे आकडे केले. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राने वाचून संगणकात घातला. त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके, एवढेच. आज खिशातल्या मोबाइलच्या फोटोत हे ठिपके कोटीच्या घरात जातात. काळ्यापांढऱ्या फोटोत साधारणपणे ० म्हणजे पूर्ण काळा ठिपका आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. आकडा वाढवला की उजेड वाढला, कमी केला की काळोख. डाग पुसायचा म्हणजे शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज घेऊन नवे आकडे भरायचे. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये उजळण्याच्या आणि गडद करण्याच्या हत्यारांना नावेसुद्धा अंधारखोलीतलीच आहेत!

आता माझीच एक फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात ट्रंकेतून आईचा तरुणपणीचा फोटो निघाला. बुरशीने पार खाल्लेला. आई आता नाही. चार रात्री बसून मी एकेक डाग पुसला आणि छापून मावशीला नेऊन दिला. तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला, आणि म्हणाली, “छान केलास रे. पण ताईच्या भुवईवरची खूण कुठं गेली? लहानपणी झाडावरून पडली होती ती.”

मी बुरशी समजून ती खूण पुसून टाकली होती! यंत्राला दोन्ही सारखेच. त्याला आकडे कळतात, आई कळत नाही. सुदैवाने मूळ प्रत मी निराळी राखली होती, म्हणून ती खूण परत आणता आली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. मूळ फोटोला हात लावायचा नाही, जे करायचे ते नकलेवर. आणि बातमीचा किंवा पुराव्याचा फोटो असेल, तर त्यात काही घालायचे नाही, काही काढायचे नाही. आपल्या हौसेच्या फोटोत मात्र मोकळीक आहे. संध्याकाळचा उजेड आपल्याला जसा वाटला तसा करावा, नको ती विजेची तार काढावी. त्यात कोणाची फसवणूक नाही, मनाला मात्र विरंगुळा आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरातला एखादा जुना फोटो जरूर काढून बसा. फक्त पुसायला लागण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला जवळ बसवा, आणि डाग कोणता, खूण कोणती, ते आधी विचारून घ्या.