साबणाची वडी बिघडते कुठे

दिवाळीच्या प्रदर्शनात घरगुती साबण मांडायचा असेल, तर पुण्यात तो ओतावा लागतो गणपतीच्या आसपास. वडी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. अडचण अशी, की हेच दिवस शहरात सर्वांत दमट. सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि साबणाच्या कृती लिहिणाऱ्या पुस्तकांना, जी बहुतेक थंड, कोरड्या देशांतून येतात, श्रावण-भाद्रपद ठाऊकच नसतात.

मग वडी तेलकट राहते, चुरते, घाम सोडते किंवा महिन्याभरात तिच्यावर नारिंगी ठिपके येतात. घरोघरी पहिला संशय जातो तेलावर: घाण्यावाल्याने भेसळ केली असणार. माझ्या मते घाणेवाला बहुतेक वेळा निर्दोष असतो. गुन्हेगार दोनच, वजनकाटा आणि हवा.

घरगुती साबण बहुधा कोल्ड प्रोसेसने करतात. बाहेरून शिजवायचं नाही, ही तिची गंमत. तेलाच्या एका रेणूत तीन मेदाम्लं ग्लिसरीनला जोडलेली असतात. कॉस्टिक सोड्याचे तीन रेणू तो सांधा तोडतात. हाती येतात साबणाचे तीन रेणू आणि ग्लिसरीनचा एक. चरबीची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने १८२३ सालच्या ग्रंथात उलगडली. अभिक्रिया बहुतांशी दोन दिवसांत संपते. पुढचे आठवडे लागतात ते पाणी उडायला आणि साबणाचे स्फटिक घट्ट व्हायला. म्हणून चुकीच्या मापाचा साबण कितीही मुरवला तरी सुधारत नाही.

मापाची पहिली चूक पिशवीवरच छापलेली असते. तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि त्याखाली ९१० ग्रॅम असं लिहिलेलं आपण रोज पाहतो आणि विसरतो. खोबरेल तेलाच्या दर ग्रॅमला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. सगळं तेल साबणात जाऊ नये, थोडं त्वचेसाठी उरावं म्हणून कॉस्टिक ५ टक्के कमी घेतात. हजार ग्रॅमचा हिशेब केला तर येतात १७४ ग्रॅम. पण लिटरच्या मापाने ओतलेलं तेल जेमतेम ९१५ ग्रॅम भरतं आणि त्याला संपूर्ण साबण व्हायलाही १६७ ग्रॅमच पुरतात. उरलेलं ७ ग्रॅम कॉस्टिक वडीतच राहतं. पाच टक्क्यांची गादी गेली आणि वर अंगाची आग.

दुसरी चूक तेल बदलण्याची. खोबरेल महाग झालं म्हणून त्याच कृतीत शेंगदाण्याचं तेल घातलं की संपलं. खोबरेलातलं मुख्य मेदाम्ल लॉरिक. त्याची साखळी १२ कार्बनची. शेंगदाण्यातली बहुतेक १८ कार्बनची. साखळी आखूड, तितके एका ग्रॅममध्ये रेणू जास्त आणि कॉस्टिकही जास्त. शेंगदाणा तेलाला ०.१३६ पुरतं. ५०० ग्रॅम खोबरेलासाठी मोजलेलं ८७ ग्रॅम कॉस्टिक तेवढ्याच शेंगदाणा तेलात पडलं, तर १९ ग्रॅम जास्त होतं. ही वडी पांढरीशुभ्र, ठिसूळ निघते, सुरी लावताच चुरते आणि दिसायला मात्र सुंदर असते!

याच्या उलट, वडी आठवडाभर लोण्यासारखी मऊ राहिली, तर कॉस्टिकचा डबा बघावा. कॉस्टिक हवेतलं पाणी इतकं ओढतं, की जुलैत झाकण सैल राहिलेल्या डब्यातले पांढरे तुकडे ओले, चिकट होतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातलं काही सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा बनतं, आणि तो तेलाचा साबण करत नाही. काट्यावर १०० ग्रॅम दिसतात, काम होतं त्याहून कमी. उन्हाळ्यात जमलेली कृती पावसाळ्यात फसते ती इथे. दमट हवेत वडीवर येणारे थेंब मात्र वेगळे: तिच्यातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. त्याने काही बिघडत नाही. पंख्याखाली ठेवावी, फ्रिजमध्ये नको.

थंडीचं दुखणं निराळं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. साच्याच्या वरच्या थराचं अजून न संपलेलं कॉस्टिक हवेशी बोलतं आणि सकाळी वडीवर पांढरी पूड दिसते. तोच सोडा, निरुपद्रवी. साचा झाकून उबेत ठेवला आणि पाणी थोडं कमी घेतलं, की ती येत नाही.

जास्त फसवं आहे ते कोकमाचं तूप, कोकणात ज्याला मुठेल म्हणतात. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. गार पातेल्यात पडलं, की मिश्रण पिठल्यासारखं दाट होतं आणि करणाऱ्याला वाटतं, ट्रेस, म्हणजे साबण जमू लागल्याचा दाटपणा, आला, आता ओता. प्रत्यक्षात तूप नुसतं गोठलेलं असतं, कॉस्टिकचं पाणी त्यात अडकलेलं. दुसऱ्या दिवशी वडी कापताना आतून झिरपणारं पाणी हे तेच, आणि ते हाताला भाजतं. मुठेल घालणार असाल, तर तेल आणि कॉस्टिकचं द्रावण, दोन्ही ४० अंशांच्या वर हवीत. खरा ट्रेस गरम केला तरी पातळ होत नाही.

पातेलं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमवर कॉस्टिक तुटून पडतं आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि मुलं स्वयंपाकघराबाहेर, यात सवलत नाही.

दिवाळी आली की उटण्याचा साबण हवा असतो आणि तिथे रंगाची गंमत होते. पिवळ्या वडीच्या आशेने आंबेहळद घातली, की मिश्रण लालसर तपकिरी होतं. आश्चर्य काहीच नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यावरच तर बनतं. काही आठवड्यांत तो लालही फिका पडतो, कारण हळदीचा रंग अल्कलीत आणि उजेडात टिकत नाही. लवंगेच्या तेलाने आणखी पंचाईत: त्यातल्या युजेनॉलमुळे मिश्रण बघता बघता घट्ट होतं आणि चमचा उभा राहतो. ते शेवटी, थोडं आणि हाताने ढवळून घालावं. दूध घालणाऱ्यांनी त्याचा बर्फ करून घ्यावा, नाहीतर कॉस्टिकच्या उष्णतेने दुधातली साखर करपून साबण नारिंगी होतो.

नारिंगी ठिपक्यांचा दोष मात्र तेलाचाच, पण भेसळीचा नव्हे. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं. वडीत उरलेलं ते तेल हवेने खवट होतं. पाण्यातून किंवा भांड्यातून लोह, तांबं आलं तर आणखी लवकर. करडई घ्यायचीच तर दहावा हिस्सा घ्यावी, पाणी बोअरचं न घेता डिस्टिल्ड घ्यावं.

आता तपासणी. पीएच पट्टीने फारसं कळत नाही, कारण चांगला साबणही ९ ते १० दाखवतो. ‘पीएच ७ चा हाताने बनवलेला साबण’ अशी पाटी दिसली, तर पाटी लिहिणाऱ्याला रसायनशास्त्र शिकवावं लागेल. खऱ्या साबणात तितकं आम्ल घातलं, तर साबण मोडून पुन्हा मेदाम्लं निघतात. शाळेत वापरलेलं फिनॉल्फ्थॅलीन पाण्यातल्या साबणालाही गुलाबी होतं, म्हणून तेही फसवतं. प्रयोगशाळेत साबणाचा कीस उदासीन अल्कोहोलमध्ये विरघळवून मग ते घालतात. तिथे रंग चढला तर मोकळं कॉस्टिक आहे असं समजायचं.

बिघडलेला साबण किसून, थोडं पाणी घालून मंद आचेवर पुन्हा वितळवता येतो, पण कॉस्टिक किती जास्त पडलं हे वहीत लिहिलेलं असेल तरच. शेंगदाणा तेलाच्या त्या ठिसूळ वडीत १४० ग्रॅम तेल आणखी घातलं तर कॉस्टिक संपतं, १७५ घातलं तर पाच टक्क्यांची गादीही परत मिळते. वहीच नसेल, तर ती वडी अंगाला लावू नये.