आधी मेंदू

दिवस पूर्ण भरले, तरी बाळ जेमतेम दोन किलोचं. हातपाय काटकुळे, पोट खपाटीला गेलेलं, कातडी सैल. डोकं मात्र उगाच मोठं वाटतं. मोजपट्टी लावली तर घेर जवळपास नेहमीच्या बाळाएवढाच भरतो. डोकं वाढलेलं नाही, अंग मागे पडलंय.

वारेतून प्राणवायू कमी येऊ लागला की गर्भाच्या मानेतल्या धमनीजवळच्या पेशींना त्याची चाहूल लागते. मग आतडी, मूत्रपिंडं, हातपाय यांच्या रक्तवाहिन्या आवळतात. मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथींकडे जाणाऱ्या रुंदावतात. नाळेतून येणारं रक्तही यकृताला बगल देऊन जास्त प्रमाणात थेट हृदयाकडे वळतं. दुष्काळात शेतीचं आवर्तन बंद करून धरणातलं पाणी पिण्यासाठी राखावं, तसंच. फरक एवढाच, की इथे बैठक नाही की मोर्चा नाही.

डॉपलर सोनोग्राफीत मेंदूच्या धमनीतला हा वाढलेला प्रवाह दिसतो. मेंदू वाचला, असं पूर्वी त्यावरून समजलं जाई. आता तेच चित्र धोक्याची खूण मानतात, आणि मला या कहाणीतलं हेच वळण सर्वांत विलक्षण वाटतं. कारण वाटणी मेंदूच्या आतही होते: सुरुवातीला पुढच्या भागाला जास्त रक्त मिळतं, तंगी वाढली की ते खोलवरच्या केंद्रांकडे वळू लागतं. शिवाय शेवटच्या तिमाहीत मज्जातंतूंवर चरबीचं वेष्टन चढवणाऱ्या पेशी पक्व होत असतात. त्यांचं काम रेंगाळतं. डोक्याचा घेर हे काही सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य कक्षेतच होता, पण तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपेक्षा कमी. त्यातही लवकर जन्मलेली आणि गर्भातच वाढ खुंटलेली मुलं सर्वांत मागे होती. वाचन, गणित, डोळे आणि हात यांचा मेळ, अशा ठिकाणी कमी वजनाच्या मुलांची अडचण दिसली. म्हणजे शाळेत बसेपर्यंत जी सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही अशी अडचण.