लान्द्रियान आणि आपला जुना प्रश्न

क्रांती झाली की जात आपोआप जाईल, हे वाक्य मी तरुणपणी इतक्या सभांतून ऐकले की ते पाठच झाले. ऐकवणारे कॉम्रेड प्रामाणिक होते, हे मान्य. पण क्रांतीनंतर आपल्याला समतेने वागवले जाईल, जातपात पाळली जाणार नाही, ही खात्री असल्याशिवाय माणसे क्रांतीत उतरतील कशी? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त समाजवाद्यांपुढे टाकलेला हा प्रश्न. त्याचे उत्तर त्या सभांतून कधी मिळाले नाही.

परवा तो प्रश्न पुन्हा समोर आला, तो निकोलास गियेन लान्द्रियान या क्युबातील काळ्या चित्रपटकारामुळे. मी शाळामास्तर, चित्रपटाचा जाणकार नव्हे. एर्नेस्तो दारानास यांचा त्याच्यावरील माहितीपट २०२३ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि लान्द्रियानचे दुरुस्त केलेले लघुपट पुन्हा पडद्यावर येऊ लागले. ते पाहिल्यावर गप्प बसवेना.

लान्द्रियान १९३८ साली कामाग्वे इथे जन्मला. प्रसिद्ध कवी निकोलास गियेन हे त्याचे चुलते. १९५९ च्या क्रांतीनंतर लगेच तिथे सरकारी चित्रपटसंस्था निघाली. काळ्या घरातल्या पोराच्या हाती कॅमेरा आला तो तिथेच. क्रांतीचे हे देणे नाकारता येणार नाही. पण १९६२ साली हवानाच्या दुसऱ्या जाहीरनाम्यात वर्णभेद संपल्याचे सांगून टाकले गेले. जो प्रश्न संपला, तो पुन्हा काढणारा फितूर ठरतो. आपल्याकडेही 'आता कुठे राहिलीय जात' असे विचारणाऱ्यांचा सूर काही वेगळा नसतो.

लान्द्रियानने भाषण केले नाही. त्याने चेहरे दाखवले. 'जुन्या वस्तीत' या १९६३ च्या लघुपटात हवानाच्या गल्लीतली माणसे थेट कॅमेऱ्यात पाहतात. निवेदक नाही, त्यांच्या वतीने बोलणारा कोणी नाही. १९६५ च्या 'तोआचा ओसिएल'मध्ये पूर्वेकडच्या दुर्गम नदीवर होडी चालवणारा एक पोरगा आहे. मध्येच पडद्यावर अक्षरे येतात: हे हवानाच्या लोकांनी पाहिलेले बरे. एवढेच. या लघुपटाला स्पेनमधील वायादोलिद महोत्सवात पारितोषिक मिळाले. नाचणाऱ्या काळ्या माणसांवरचा त्याच वर्षीचा लघुपट मात्र घरीच दडपला गेला.

१९६८ साली त्याला कॉफीवर प्रचारपट करायला सांगितले. हवानाभोवती कॉफीची झाडे लावण्याची सरकारी मोहीम जोरात होती. त्याने 'कोफेआ अराबिगा' केला: अठरा मिनिटांत छायाचित्रे, घोषणा, ध्वनिक्षेपकावरचे आवाज, भसकन आदळणारी अक्षरे. लागवड कशी करावी हेही त्यात आहे, आणि पूर्वी या मळ्यांत कोण राबत होते याची आठवणही आहे. काळे राबत होते. क्युबात गुलामगिरी १८८६ पर्यंत कायद्याने चालू होती. कॉफीचा इतिहास सांगायचा आणि गुलामाला वगळायचे, हे त्याला जमले नाही. आणि कास्त्रो व्यासपीठाच्या पायऱ्या चढतात तेव्हा मागे बीटल्सचे 'टेकडीवरचा खुळा' हे गाणे लावले!

हा वात्रटपणा होता काय? असेलही. पण कॉफीची मोहीम फसली, हे सर्वांनीच पाहिले. चित्रपट बंद झाला. पुढे १९७२ च्या सुमारास त्याला संस्थेतून काढले. अटक झाली, मनोरुग्णालयात विजेचे झटके दिले गेले. व्यवस्थेचे सांगणे पटत नसलेल्या माणसाला वेडा ठरवणे सोयीचे असते.

प्रयोगशील कला म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असे आपल्यातले काही कार्यकर्ते अजून म्हणतात. दलित कवितेने साचेबंद मराठी मोडली तेव्हाही 'हे काव्य नव्हे' म्हणणारे होते. लान्द्रियानने तुकडे, अक्षरे, गाणी यांची मोडतोड केली ती हौसेने नव्हे. सरळ चालीचा माहितीपट सरकारी निवेदकाच्या ताब्यात होता. त्या चालीत काळ्या माणसाला बोलायला जागा कुठे होती?

त्याला कम्युनिझमविरुद्धची काठी म्हणून वापरणाऱ्यांनी मात्र त्याचा शेवट पाहावा. १९८९ मध्ये तो मायामीला गेला. 'स्वातंत्र्या'च्या त्या नगरीत त्याला चित्रपट मिळाला नाही. चित्रे काढून त्याने दिवस काढले. एकच लघुपट झाला, २००१ साली, तोही व्हिडिओवर. त्याचा विषय पुन्हा तोच: शहराच्या मध्यभागातली, कोणी न पाहिलेली माणसे. २००३ मध्ये तो कर्करोगाने मायामीत वारला. दफन हवानात झाले.