समुद्रात उडी कोणी घेतली?

नव्या पानांवर जुन्या कथा : लेख सहावा

पोर जन्मली आणि काही दिवसांतच आई गेली. बाप आंधळा. तान्ह्या लेकीला छातीशी धरून तो गावभर हिंडायचा. विहिरीवर आलेल्या लेकुरवाळ्या बायकांपुढे तिला धरायचा आणि विनवायचा की, आपल्या लेकराला पाजून उरलं असेल तर हिच्याही तोंडात दोन घोट जाऊ द्या. अशी घराघरांतल्या दुधावर ती वाढली. तिचं नाव शिम चंग. कोरियात हे नाव माहीत नाही असं माणूस सापडणं कठीण.

मागच्या आठवड्यात आपण गुमिहोची, म्हणजे नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीची गोष्ट पाहिली. आजचं पुस्तक आहे ॲक्सी ओह या कोरियन-अमेरिकन लेखिकेचं ‘द गर्ल हू फेल बिनीथ द सी’. 2022 साली ते प्रसिद्ध झालं आणि किशोर-तरुण वाचकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. अद्भुत जग, समुद्राचा देव, लाल धाग्याने जुळलेलं नशीब आणि प्रेम, हे सगळं त्यात आहे. पण त्याचा गाभा समजायचा तर आधी शिम चंगकडे जायला हवं.

तर ही मुलगी मोठी झाली, कामं करून बापाला पोसू लागली. एके दिवशी तिच्या वाटेकडे कान लावून बसलेला बाप तिला शोधायला निघाला आणि ओढ्यात पडला. एका भिक्षूने त्याला बाहेर काढलं आणि सांगितलं, बुद्धाला तीनशे सॉक तांदूळ वाहा, दृष्टी परत येईल. सॉक हे आपल्या खंडीसारखं धान्याचं जुनं माप. घरात मूठभर दाणे नसताना बापाने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. त्याच सुमारास काही सागरी व्यापारी पंधरा वर्षांची मुलगी विकत घ्यायला गावोगाव फिरत होते. इंदांग्सू नावाच्या खवळलेल्या पाण्यातून गलबत पार न्यायचं तर देवाला बळी द्यावा लागे. शिम चंगने तीनशे सॉकला स्वतःला विकलं.

तिने उडी घेतली. समुद्राच्या तळाशी नागराजाचा महाल होता. त्याने तिला कमळात बसवून परत वर पाठवलं, ते कमळ राजवाड्यात पोचलं आणि ती राणी झाली. मग तिने राज्यभरातल्या आंधळ्यांना जेवायला बोलावलं, कारण त्या गर्दीत कधीतरी आपला बाप येईल. तो आला. मेलेल्या लेकीचा आवाज कानावर पडला, तसा तो ‘कुठे आहे, बघू दे’ म्हणून धडपडला आणि त्याचे डोळे उघडले. त्याच्याबरोबर तिथल्या सगळ्या आंधळ्यांचेही उघडले. हा शेवट मला फार आवडतो. एका मुलीच्या मायेचा प्रकाश एका घरापुरता उरत नाही.

या कथेत राजा आहे, लग्न आहे. पण प्रेमकथा नाही. राजा येतो तो जेवणावळ घालता यावी म्हणून. कथेचं सगळं प्रेम बाप आणि लेक यांच्यात आहे. कोरियन भाषेत त्याला ‘ह्यो’ म्हणतात : आईबापांविषयीचं कर्तव्य आणि माया, दोन्ही एकत्र. जोसॉन राजवटीत या मूल्याला राज्याचाच आधार होता. सेजोंग राजाच्या काळात, 1434 साली, आदर्श मुलं, स्वामिनिष्ठ सेवक आणि पतिव्रता यांच्या कथांचं सचित्र पुस्तकच तयार झालं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही चित्रांवरून धडा कळावा.

आता कादंबरी. इथे वादळांनी पिढ्यान् पिढ्या किनारा उद्ध्वस्त केला आहे आणि दरवर्षी एक सुंदर मुलगी समुद्रदेवाची नवरी म्हणून पाण्यात सोडली जाते. या वर्षी पाळी आहे शिम चंगची. पण मीना नावाच्या मुलीचा मोठा भाऊ जुन हा शिम चंगच्या प्रेमात आहे. मनाई असताना तो तिच्यासोबत होडीत चढतो. आता देवाच्या कोपात भाऊही जाणार, हे मीनाला दिसतं. आणि ज्या क्षणी शिम चंगने उडी घ्यायची, त्या क्षणी मीना उडी घेते.

हा एक बदल करून ओह यांनी सगळी कथा हलवली. जिच्या नावाने गोष्ट ओळखली जाते ती मुलगी काठावर राहिली. तिला जगू दिलं गेलं. आणि नीट पाहिलं तर मीनाची उडीही घरच्या माणसासाठीच आहे; बापाच्या जागी भाऊ आला इतकंच. प्रेमकथा म्हणून हातात घेतलेलं हे पुस्तक बहिणीच्या मायेने सुरू होतं. जुन्या मूल्याशी भांडून नव्हे, त्याचा हात धरून लेखिका पुढे जाते.

पाण्याखालच्या जगात देव गाढ झोपलेला आहे, शापाने. म्हणजे इतक्या वर्षांचे बळी ज्याच्यासाठी दिले त्याला त्याची जाणीवच नाही. कादंबरीतली ही मला सर्वांत धारदार कल्पना वाटते. मीनाच्या हाताला आणि देवाच्या हाताला जोडणारा लाल धागा तिला त्याच्यापर्यंत नेतो. तो धागा मूळचा चिनी दंतकथेतला. तिथे चांदण्यात बसलेला म्हातारा भावी नवरा-बायकोचे पाय लाल दोरीने बांधतो. शिन नावाचा तरुण तो धागा कापतो आणि मीनाचा आवाज हिरावून घेतो. पुढचं सांगणार नाही, वाचणाऱ्याचा आनंद जाईल. मधल्या भागात पात्रांची गर्दी फार होते आणि शिन-मीनाच्या नात्याला अजून सवड हवी होती, एवढं मात्र म्हणेन.

पण आवाज हिरावला जाण्यापाशी मी थबकलो. कारण शिम चंगची कथा शतकानुशतकं जगली ती आवाजावरच. पान्सोरी या गायनप्रकारात एक गायक, हातात पंखा, आणि शेजारी एक ढोलवाला. गाणं आणि बोलणं आलटून पालटून, चार-पाच तास. श्रोते गप्प बसत नाहीत. रंगलेल्या लावणीला दाद जावी तशी मधूनच आरोळी देतात. धबधब्याच्या घोषावर मात करेपर्यंत रियाज करणाऱ्या गायकांच्या आख्यायिका आजही सांगतात. पान्सोरीची पाच आख्यानं आज गायली जातात, त्यांतलं एक शिम चंगचं. अशा कथेच्या नव्या नायिकेचा आवाजच आधी जावा आणि पुढे आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगत तिने वाट काढावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

मूळ कथेत इतका बदल करावा का, असं काहींना वाटेल. पण मूळ म्हणायचं कुठलं? सोलच्या जुन्या छापील प्रतीत बापाचं नाव वेगळं आणि जॉन्जूच्या प्रतीत वेगळं. पूर्व किनाऱ्यावर मांत्रिक स्त्रिया गावच्या उत्सवात हीच कथा गातात ती लोकांचे डोळे सलामत राहावेत म्हणून. इसांग युन यांनी तिचा ऑपेरा केला, तो 1972 साली म्युनिक ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे झाला. ह्वांग सॉक-यंग यांनी 2003 मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. त्यात नागराज नाही, कमळ नाही. एकोणिसाव्या शतकात देहविक्रयाच्या बाजारात विकली गेलेली मुलगी आहे. मुलीला विकण्याचा भीषणपणा कथेत पहिल्यापासून होता, त्यांनी फक्त कमळ बाजूला केलं. ओह यांनी कमळ ठेवलं आणि विचारलं, उडी घेणाऱ्या मुलीला काय हवं होतं?

जमलं तर या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचल्यावर पान्सोरीतला इंदांग्सूच्या वाटेवरचा भाग ऐका, इंटरनेटवर सहज मिळतो. शब्द कळले नाहीत तरी चालेल. कादंबरीत उडी एका क्षणात होते. पान्सोरीत होडी अतिशय विलंबित लयीत निघते. पाणी, पाखरं, दूरचे डोंगर, सगळं सावकाश गायलं जातं, जणू त्या पोरीला होडीच्या टोकाशी पोचूच द्यायचं नाही. मग ढोलाची लय वाढते.

पुढच्या आठवड्यात याच कादंबरीतल्या नामगी या पात्राच्या कुळाकडे वळू. तो इमुगी आहे, म्हणजे अजून ड्रॅगन न झालेला साप.