फायरवॉलची राखीव जोडी

फायरवॉल, राखीव जोडी : संस्थेचे अंतर्गत संगणक-जाळे व बाहेरचे जाळे यांच्या सीमेवर बसविलेले आणि ठरवून दिलेल्या नियमांनुसार माहितीची ये-जा होऊ देणारे किंवा अडविणारे उपकरण म्हणजे फायरवॉल. सर्व वाहतूक त्यातूनच जात असल्याने ते बंद पडल्यास संस्थेचा बाहेरचा सर्व संपर्क तुटतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन उपकरणे बसवितात. त्यांपैकी एक कार्यरत व दुसरे सज्ज असते. पहिले निकामी झाल्यास दुसरे आपोआप त्याची जागा घेते. या बदलास फेलओव्हर म्हणतात.

दोन्ही उपकरणांना मिळून एक आभासी पत्ता देतात व आतील संगणक तोच ओळखतात. व्हीआरआरपी या नियमसंचानुसार प्रत्येक उपकरणास अग्रक्रमांक असतो. मोठ्या क्रमांकाचे उपकरण सामान्यतः दर सेकंदास आपण चालू असल्याचा संदेश पाठविते. हे संदेश थांबल्यावर अग्रक्रमांक १०० असलेले राखीव उपकरण सुमारे ३·६ सेकंदांत सूत्रे हाती घेते. हा अवधी घटविता येतो. परंतु फार घटविल्यास क्षणिक अडथळ्यानेही विनाकारण बदल घडतो.

केवळ पत्ता हलवून भागत नाही. चालू जोडण्यांची नोंद राखीव उपकरणाकडे सतत पोहोचत नसेल, तर ते अर्धवट व्यवहारांची माहिती अनोळखी समजून टाकून देते. ओपनबीएसडी या प्रणालीत यासाठी पीएफसिंक ही सोय २००३ मध्ये आली. दोहोंमधील संपर्क तुटून दोन्ही उपकरणे स्वतःस मुख्य समजू लागली, तर परिस्थिती एकही उपकरण नसण्याहून वाईट होऊ शकते. म्हणून हा संपर्क दोन स्वतंत्र तारांनी राखणे इष्ट होय.

मांडणीतील खरी उणीव मात्र बहुधा जागेच्या निवडीत असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. अशा पूररेषेत तळमजल्याच्या एकाच खोलीत ठेवलेली जोडी ही जोडी नव्हेच. एकच पाणी दोहोंना बुडविते. सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात धोका निराळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेहून मुंबईस होणारा वीजपुरवठा खंडित झाला. एका केंद्रात अनेक जनित्रे असणे केंद्रावरच आलेल्या आघातास पुरेसे उत्तर ठरत नाही. म्हणून सांगलीच्या संस्थेने दुसरे केंद्र साताऱ्यासारख्या दूरच्या व उंचावरील शहरात ठेवावे, तेथील इमारत भूकंपरोधक असावी आणि दोन्ही दूरसंचार-तारा एकाच पुलावरून नेऊ नयेत. एवढ्या अंतरावर जोडण्यांच्या नोंदी क्षणोक्षणी जुळविणे सहसा टाळतात. वाहतुकीचा मार्गच बदलतात व चालू व्यवहार पुन्हा सुरू करावे लागतात, हे स्वीकारतात.

मुख्य उपकरण दुरुस्त होताच त्याने आपोआप सूत्रे परत घ्यावीत की माणसाच्या आदेशाची वाट पाहावी, हेही ठरवावे लागते. दोष अधूनमधून उद्भवणारा असल्यास दुसरा पर्याय सुरक्षित असतो. चाचणी घेताना वीज, बाहेरच्या जाळ्याची तार आणि परस्पर संपर्काची तार ही तिन्ही वेगवेगळ्या वेळी तोडून पाहतात. नुसते बटण बंद केल्यास यांपैकी पहिल्याचीच परीक्षा होते.