दगडाचा पोत आणि एक कोरडं बोअर

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी आधी खुलासा करतो. आपण बसलोय ते प्रतापगड साताऱ्याकडचं नव्हे, गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे इकडच्या लोकांना ते सांगायची गरज नाही.

आमचा विषय तत्त्वज्ञान. आज मात्र गाळाच्या खडकांवर बोलायचं आहे, आणि त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी साकोलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने आम्हाला शेतातला दगड दाखवला. हाताला खरखरीत, दाणेदार, पांढुरका. आम्ही नुकतीच भूविज्ञानाची दोन पुस्तकं वाचलेली. म्हटलं, "भाऊ, हा वालुकाश्म. वाळूचा दगड. यात पाणी मुरतं, खुशाल बोअर मारा." त्याने मारलं. 200 फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी वर आली, पाणी नाही. पैसे त्याचे गेले, चूक आमची होती. आमचं नेमकं काय चुकलं, ते समजून घेताना आम्ही खडकांचा पोत पाहायला शिकलो.

गाळाचा खडक म्हणजे आधी झालेल्या खडकाचा चुरा. तो वाहून नेला जातो, थराथराने साचतो, वरच्या ओझ्याने दबतो आणि शेवटी चिकटून पुन्हा दगड होतो. त्यांची नावं पडतात ती मुख्यतः दाण्याच्या आकारावरून. 2 मिलिमीटरहून मोठे गोटे असले की पिंडाश्म. गोट्यांऐवजी टोकदार खडे असले तर कोनाश्म. 2 मिलिमीटरपासून सुमारे 0.06 मिलिमीटरपर्यंतचे दाणे म्हणजे वाळू, तिचा वालुकाश्म. त्याहून बारीक गाळाचा आणि चिकणमातीचा पंकाश्म, आणि तो पापुद्र्यांनी सुटत असेल तर शेल. नावं इतकीच पुरेत. पाठ करून फारसा उपयोग नाही, आमचीही पाठच होती.

पोतामध्ये आकारासोबत आणखी तीन गोष्टी येतात: दाणे एकसारखे आहेत की सरमिसळ, ते गोल आहेत की टोकदार, आणि ते एकमेकांना कशाने धरून आहेत.

पहिली गोष्ट धानाच्या मुलखात समजावून सांगावी लागत नाही. सूप घेऊन पाखडताना कोंडा उडून जातो, दाणा खाली राहतो, कनकी वेगळी निघते. नदी तेच करते. जोर असेल तिथपर्यंत ती गोटे ओढते, जोर कमी झाला की गोटे टाकते, पुढे वाळू टाकते, आणि पाणी अगदी संथ झालं की चिखल बसतो. आपली गाढवी पुढे वैनगंगेला मिळते. तिच्या पात्रातली मूठभर वाळू भिंगाखाली धरा. चकचकीत दाणे गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे. गुलाबी-पांढरट, थोडे मळकट दिसणारे दाणे फेल्डस्पारचे. फेल्डस्पार वाटेत झिजतो, कुजतो, त्याची माती होते, क्वार्ट्‌झ टिकतो. म्हणून फेल्डस्पार अजून भरपूर असेल आणि दाणे टोकदार असतील, तर वाळू फार लांबून आलेली नाही असं समजायचं.

हे वाचन म्हणजे अनुमान, आणि इथे आमचा जुना विषय मधे येतो. न्यायदर्शनात कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला शेषवत् म्हणतात. वात्स्यायनाने न्यायसूत्रावरच्या भाष्यात त्याचं उदाहरण दिलंय: नदी फुगलेली दिसली की वर पाऊस पडला असं आपण ओळखतो. पण सूत्रातच त्यावर आक्षेप आहे. पाणी खाली अडवल्यामुळेही नदी फुगेल की! इटियाडोह धरणाच्या शेजारी राहणाऱ्यांना हा आक्षेप लगेच पटेल. त्यावरचं उत्तर असं, की नुसतं वाढलेलं पाणी ही खूणच अपुरी आहे. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, पानं आणि लाकडं वाहत येतात. या सगळ्या खुणा एकत्र पाहा, मग बोला. आम्ही त्या शेतात एकच खूण पाहिली होती, दाणेदारपणा.

सगळ्या खुणा पाहिल्या की काय काय कळतं, त्याचं आमचं आवडतं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं. तिथे तलचीर नावाचे थर आहेत, साधारण 30 कोटी वर्षांपूर्वीचे. बारीक मातीत मोठाले धोंडे रुतलेले; सूप फिरवलेलंच नाही. नदी असं टाकणार नाही. मग कोणी टाकलं? इरई इथे या थरांखालच्या चुनखडकाचा पृष्ठभाग गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेचे ओरखडे सापडले. हिमनदी! बर्फ सरकताना दगड-माती न निवडता ओढत नेतं आणि वितळलं की सगळं एकत्र सोडून देतं. मे महिन्यात चंद्रपूरला गेलेल्या माणसाने यावर विश्वास ठेवावा, ही थोडी जास्तच अपेक्षा आहे. पण ओरखडे आहेत.

त्याच भागात वरच्या थरांत कामठी वालुकाश्म आहे. पाण्याच्या दृष्टीने हा उदार खडक. का, ते डालीतल्या लिंबांवरून कळेल. सारख्या आकाराची लिंबं भरली तर मधे पोकळी राहते. वरून मोहरी ओतली की पोकळी बुजते. वालुकाश्मात दाणे सारखे असतील आणि त्यांना धरणारा चुना, लोह किंवा सिलिका बेताचीच असेल, तर पाणी आत शिरतं आणि विहिरीला परत मिळतं. शेलमध्येही पाणी असतं, पण छिद्रं इतकी बारीक की ते सोडतच नाही. गडचांदूरकडे सिमेंटसाठी खणतात तो चुनखडक वेगळ्या घराण्यातला. तो मुख्यतः समुद्राच्या पाण्यातून साका बसून झाला, म्हणून त्यात वाळूसारखे दाणे शोधू नका.

आता साकोलीच्या दगडाकडे येऊ. तोही कधीकाळी वालुकाश्मच होता. पण जमिनीत खोल दाब आणि उष्णतेने त्याचे दाणे एकमेकांत गच्च बसले, पोकळी संपली. तो झाला क्वार्ट्‌झाइट, म्हणजे आता गाळाचा नव्हे, रूपांतरित खडक. त्यात पाणी असलंच तर भेगांमध्ये. गोंदिया-भंडाऱ्याचा बराच भाग अशा जुन्या कठीण खडकांवर वसलेला आहे. कोहळी मंडळींनी इथे विहिरींच्या भरवशावर न राहता तलाव बांधले, त्यामागे दगडाची अशी पारख असावी असं आम्हाला वाटतं. वालुकाश्म पोथीत वाचून बोअर सुचवणाऱ्यापेक्षा ती पारख बरी होती.

ओळखायचं कसं? ताजा फोड काढा. वालुकाश्म दाण्यांना वळसा घालून फुटतो, फोड खरखरीत लागतो, नखाने दाणे सुटतात. क्वार्ट्‌झाइट दाण्यांच्या आरपार फुटतो, फोड साखरेसारखा चमकतो. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडा. मुरतो की तसाच बसून राहतो, ते मिनिटभर पाहा. एवढं आम्ही त्या दिवशी केलं असतं तर एका घरचे पैसे वाचले असते. पुढे त्या शेतकऱ्याने बोडी खोदली; आमचा सल्ला घेतला नाही, हे बरंच झालं.

समोर टेबलावर सहा दगड ठेवलेत, सोबत भिंग आणि पाण्याची बाटली. दगडांवर नंबर टाकलेत, नावं नाहीत. एकेकाने पुढे या. ऑनलाइनवाल्यांनी आपापल्या अंगणातला एखादा दगड फोडून पाहा, डोळे सांभाळून.